समोरून

वॉर्ड नंबर तीन. कूलरच्या गवतात पाणी नाही,
पंख्यासोबत नुसता भुसावळचा मे फिरतो.
खाटेवर कायतान फुर्ताडो, निवृत्त गार्ड.
उजवी बाजू गेलेली, जीभही.
एकोणचाळीस वर्षं हिरवं निशाण धरलेला हात
चादरीवर पडलेला, कुणी डब्यात विसरून उतरल्यासारखा.

माझं काम हात उचलण्याचं.
मनगट, कोपर, खांदा, दहा दहा वेळा,
आणि तक्त्यावर नोंद: शून्य. शून्य.

तिसऱ्या दिवशी त्यांनी डाव्या हाताने
उजवा ओढत कपाळाकडे न्यायला घेतला.
अर्ध्यात निसटला, सलाईनच्या नळीवर पडला.
डोकं दुखतं का, मी विचारलं.
नाही, म्हणाले डोळ्यांनी, चिडून,
होम सिग्नलबाहेर ताटकळलेल्या गाडीने
शिट्टीवर शिट्टी द्यावी तसं.

मग कळलं.

पण मला ती खूण येत नाही.
मी नवापूरकडची, पाळक दाविद गावितांची मुलगी.
आमच्या कौलारू देवळात साधा सागवानी वधस्तंभ,
क्रूस हा शब्दसुद्धा मी इथे येऊन शिकले.
आबा म्हणायचे, तो वाहायचा असतो पोरी,
हवेत काढायचा नसतो.
प्रार्थनेला आम्ही डोळे मिटतो, बोटांत बोटं अडकवतो,
आणि हातांची सुट्टी.

तरी मनगट धरलं. कपाळ. छाती.
मग एक खांदा, मग दुसरा.
फुर्ताडोंनी मान हलवली: चूक.
पुन्हा केलं. पुन्हा चूक.

सिस्टर रोझिलीला विचारलं. ती त्रिशूरची,
कल्दाय सुरियानी का काहीसं, दर वेळी विसरते मी.
सिरिंज ट्रेमध्ये ठेवून तिने करून दाखवलं:
आधी उजवा खांदा, नंतर डावा.
'उजवीकडे मेंढरं, डावीकडे शेरडं.
आधी मेंढरं मोजायची. माझी अम्मामा सांगायची.'
फुर्ताडोंचा डावा हात खाटेच्या लोखंडावर आपटला.
टण्.

पितांबर फरशी पुसत होता. म्हणाला,
'अप काय अन् डाऊन काय, रूळ त तेच ना वं ताई?'
फुर्ताडोंनी त्याच्याकडे असं पाहिलं
की त्याने बादली उचलून पोर्च गाठला.
अपवर डाऊन सोडली तर काय होतं,
हे गार्डाला कोण शिकवणार?

दुपारी आर्सेनियाबाई डबा घेऊन आल्या.
दारातच थबकल्या, मग हसू लागल्या.
'अगं, तू समोर उभी आहेस. आरशासारखी.
तुझं डावं त्यांचं उजवं होतंय.'

मी स्टूल ओढलं, उशीमागे बसले.
त्यांच्या बगलेखालून हात घातला.
आता माझं डावं तेच त्यांचं डावं.
बाई हळू म्हणत होत्या, बापाच्या,
आणि पुत्राच्या, आणि इस्पिरिता सांताच्या नांवीं,
आणि मी नेत होते. कपाळावर.
बेंबीच्या जरा वर. डाव्या खांद्यावर. उजव्या.
लुळा हात किती जड असतो
ते उचलल्याशिवाय कळत नाही.
खूण त्यांची. भार माझ्या दंडावर.

खाली ठेवू गेले तर डोळे म्हणाले, थांब.
बाई पुढे झाल्या, त्यांचा अंगठा तर्जनीवर आडवा ठेवला,
बारकासा क्रूस, नखाला चुन्याचा डाग,
आणि वाकड्या ओठांना लावला.
ओठ बंद व्हायला वेळ लागला.

तक्त्यात याला रकाना नव्हता.
लिहिलं: उजवा खांदा, एक वेळ, मदतीने.

आबांना फोनवर सगळं सांगितलं, कूलरचंसुद्धा,
एवढं सोडून.

रोझिली दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.
तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत
केळ्याच्या वेफर्सचा डबा पुढे सरकवला.
केळी तुमची, म्हणाली, तेल माझ्या घरचं.
डबा कुठल्या हाताने सरकवला
ते पाहायचं राहूनच गेलं.